हसुरामची दुपारची भुतं

या, अशा पुढे सरकून बसा. लांबून ऐकलंत तर अर्धं ऐकू येईल आणि उरलेलं मनचं घालाल. आणि काय हो, तुम्हाला पेण आठवतं ते कधी? गणपती ठरवायच्या वेळी. मूर्ती बघितली, नाव लिहून दिलं, दोन पुडे पोह्याचे पापड घेतले की गाडी चालू. हमरापूरपर्यंत येता आणि रामवाडीत डोकावत नाही. आम्ही माणसं राहतो तिथे, नुसते पापड वाळत नाहीत. असो. रागावले नाही, पण बोलल्याशिवाय मला राहवत नाही म्हणून बोलले.

आता ऐका. आमच्या गल्लीत एक जण आहे. तो भेटला की नमस्कार करत नाही, कसे आहात विचारत नाही. तो म्हणतो, "हात बघू." तुम्ही भाबडेपणाने हात पुढे केलात की तो उलटा करतो, उजेडाकडे धरतो आणि मनगटापासून कोपरापर्यंत डोळे बारीक करून बघतो. नाडी नाही बघत, हातावरच्या रेषा नाही बघत. काटा बघतो. अंगावर येतो तो काटा. बघायच्या आधी तुम्हाला एखादी भुताची गोष्ट सांगितलेली असते, अगदी दोन वाक्यांची. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाचा त्याने हात बघितलाय. एकदा ताप आला म्हणून मी त्याला डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टर ह्याच्या एका हाताची नाडी बघतायत आणि हा दुसऱ्या हाताने डॉक्टरांचा हात उलटा करून बघतोय.

काटा दिसला नाही की तोंड एवढंसं करून म्हणतो, "नाय. नाय आला."

एखाद्याने मन राखायला म्हटलं, नाही रे, वाटली हो थोडी भीती, तर लगेच उत्तर तयार. "तोंडाने काय पण बोलाल. काटा खोटा येत नाय."

ह्याचं नाव हसुराम. घरच्यांनी नाव ठेवलं हसुराम आणि ह्याने उद्योग धरला लोकांना भिववायचा. तो भुतांचे सिनेमे करतो. मागल्या साली त्याचा दोन तासांचा मोठा सिनेमा मोबाईलवर आला, तेव्हा माझ्या पुण्याच्या भाचीने फोन करून सांगितलं, "मावशी, मी तोंडावर उशी धरून बघितला गं." मी म्हटलं, मग बघितलंस काय, उशी? पण त्या मोठ्या सिनेमाचं मला काही सांगायचं नाही. मला सांगायचंय ते त्याच्या कितीतरी आधीच्या चिमुकल्या सिनेमांचं, पाच-पाच दहा-दहा मिनिटांच्या. त्यातलं मला जास्त माहीत आहे. कारण त्यांत भूत मी होते.

मला भूत का केलं, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "काकू, तुम्ही शेजारी राहता." हे कारण. आमचे हे तेव्हा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "मेकअपचाही त्रास नाही." दोन दिवस मी ह्यांना चहात साखर घातली नाही.

हसुराम मूळचा खाडीकडच्या गावचा, मिठागरावर राबणाऱ्यांच्या घरातला. पेणला आला तो गणपतीच्या कारखान्यात. आज तीस-पस्तीस वर्षं हमरापूरच्या एका कारखान्यात आखणी करतो. आखणी म्हणजे डोळे. रंग कोणीही देईल, दागिने कोणीही काढील, पण डोळे काढायला हात लागतो. मूर्ती दहा दिवस नुसती माती असते, हसुराम ब्रश टेकवतो आणि ती तुमच्याकडे बघायला लागते. तेव्हा तो श्वास धरून बसतो. मोठा सिनेमा आला तरी हे काम त्याने सोडलेलं नाही. आषाढ लागला की सिनेमा बंद. मुंबईहून कोणी फोन केला तर सांगतो, "भाद्रपदानंतर. आता देवाचं डोळं चाललेत."

आणि ह्या भुतांच्या राजाला अंधाराची भीती वाटते, बरं का. संध्याकाळी लाइट गेली की पाचव्या मिनिटाला टॉर्च घेऊन आमच्या ओटीवर हजर. "काकू, तुमच्याकडची पण गेली काय?" अरे, एका खांबावरची लाइट, माझ्याकडची काय राहणार आहे? पण मी तसं म्हणत नाही. पाट सरकवते. लाइट आली की उठून जातो, जाताना म्हणतो, "तुम्हाला सोबत व्हावी म्हणून आलो."

त्यामुळे त्याची सगळी भुतं दुपारची. बारा वाजता ऊन डोक्यावर आलं की त्याला सुचायला लागतं. दुपारी गल्लीतली सगळी दारं लागलेली असतात, माणसं जेवून आडवी झालेली असतात, आणि ह्याच्या घराची कडी मात्र काढलेली. दार सताड उघडं. किती वेळा सांगितलं, दार लोटून जेव. एकदा कुत्रं आत शिरलं आणि ह्याच्या पुढ्यातली भाकरी घेऊन गेलं. तरी दार उघडंच. मी म्हणायचे, असेल एकेकाची सवय.

लग्न नाही केलं त्याने. म्हणजे करायला गेला होता. रोह्याला त्याची मोठी बहीण असते, यमुनाआक्का. तिने तिथलं एक चांगलं स्थळ बघितलं. मुलगी पोहे घेऊन आली, वडीलधाऱ्यांनी म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा. हसुरामने विचारलं, "तुमच्या विहिरीत दुपारी कधी वाकून बघितलंत?" आणि म्हणाला, "हात बघू." मुलीच्या बापाने त्याला चपला हातात दिल्या. आक्का सहा महिने बोलत नव्हती त्याच्याशी.

ही आक्का महत्त्वाची आहे, तिला लक्षात ठेवा. हसुराम तीन महिन्यांचा असताना त्याची आई तापाने गेली. आक्का तेव्हा सहा वर्षांची. बाप मिठागरावर. चार वर्षांनी ही पोरगी बापाबरोबर मीठ ओढायला जाऊ लागली, आणि घरात हसुराम एकटा. तो उन्हात बाहेर पडू नये, खाडीकडे जाऊ नये म्हणून ती जाताना सांगायची, "दुपारची बाई फिरते. घरात एकटं पोर दिसलं का दाराशी येऊन उभी ऱ्हाते. कडी काढू नको." झालं. ते भूत त्याच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

म्हणून हसुरामचा एकच ध्यास. "सगळी दुनिया नाय भ्याली तरी चालेल, काकू. आक्काला एकदा भिववायचीय. तिने मला भिववला, आता मी तिला." आणि आक्का त्याचा एक सिनेमा बघेल तर शपथ. "माझंच भूत मनाच दाखवतंस?" असं म्हणून तिने मुळी विषयच बंद केला होता. मोठा सिनेमासुद्धा बघितला नाही. अख्ख्या रोह्याने बघितला, हिने नाही.

बरं, आता सिनेमांकडे येते. मागच्या फाल्गुनात मुंबईहून केतकी नावाची एक मुलगी आली. चांगली शिकलेली, सिनेमावर लिहिते. हसुरामचे हे सुरुवातीचे सिनेमे जुन्या कॅसेटींवर पडून होते, ते तिने नेऊन साफसूफ करून आणले. त्यांना ती "प्रायोगिक लघुपट" म्हणते. माझ्या ओटीवर वही घेऊन बसली आणि मला विचारू लागली. हसुराम कोपऱ्यात बसून नख कुरतडत होता.

"काकू, पहिल्या लघुपटात शेवटी जग आडवं होतं. मिठाची रास आकाशाला टांगल्यासारखी दिसते. हा विचार त्यांना कसा सुचला?"

मी म्हटलं, "विचार कसला गं. कॅमेरा लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडून घेतलेला, त्याच्या स्टँडचा एक पाय मोडका. त्याला एक काठी बांधली होती. ती सुटली आणि कॅमेरा आडवा झाला."

"आणि एकाही लघुपटात आवाज नाही. ते मौन फार अस्वस्थ करतं."

"माईक अंबा नदीच्या पुरात गेला. हा नागोठण्याला बॅटरी आणायला गेला होता, पाणी भरलं, हा पत्र्यावर चढला, पिशवी खाली राहिली."

केतकीने पेन थांबवलं आणि हसुरामकडे बघितलं. हसुराम म्हणाला, "पण नंतर माईक मिळत होता. मी नाय घेतला. बिनआवाजी बरं वाटत होतं." म्हणजे बघा, दोघांचंही खरं. मी आपली गप्प बसले. असं क्वचित होतं.

दुसरा सिनेमा माझ्या गच्चीवरचा, नाव "वाळवण". दोनशे पापड मांडले होते आणि त्यांच्यावरून कोणाची तरी सावली जाते, कोण ते दिसत नाही. सावली माझीच, मी टाकीवर उभी. ऐन वेळी कावळा आला आणि सावलीला न जुमानता एकेक पापड घेऊन जाऊ लागला. मी वरून "हाड हाड" करतेय, आणि हा खालून हात जोडून सांगतोय, "राहू दे काकू, कावळा कामाचा हाय!" केतकी म्हणाली, तो कावळा म्हणजे पितर. मी म्हटलं, असेल बाई, सतरा पापड खाल्ले त्याने, पितरच असणार.

तिसरा मात्र खरा भयंकर. कारखान्यात गौरीच्या मुखवट्याचा साचा असतो, आतून पोकळ. त्याच्यासमोर उभं राहून लांबून बघा. ते पोकळ तोंड भरलेलं दिसायला लागतं आणि तुम्ही डावीकडे सरकलात की तेही डावीकडे वळतं. खोटं वाटत असेल तर बघून जा. हसुरामने जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा त्या साच्यासमोर लावला, हळूहळू सरकवू लागला, साच्याने वळून ह्याच्याकडे बघितलं, आणि हा पठ्ठ्या कॅमेरा तिथेच टाकून पळाला! पुढची आठ मिनिटं नुसतं ते तोंड आहे. कॅमेरा आणायला कोणीतरी दुसरं गेलं. केतकी म्हणते, ती आठ मिनिटं म्हणजे कमाल आहे. हसुरामने मान डोलावली. "तेव्हा माझ्या हाताला काटा होता," म्हणाला. तोवर त्याला दिसलेला एवढाच एक काटा, तोही स्वतःचा.

आता चौथा. "खारीतली बाई". खार म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, मिठागराची. ह्यात मी पुरी दिसते.

त्याची युक्ती अशी. मी डोळे मिटायचे आणि मिटलेल्या पापण्यांवर तो उघडे डोळे काढणार. म्हणजे बाई लांबून येते, मान खाली, जवळ येऊन तोंड वर करते, आणि तिचे डोळे लवतच नाहीत. कल्पना वाईट नव्हती. सकाळी अकराला मला मिठागरावरच्या झोपडीत बसवलं, आणि हा नाटकवाल्यांचे रंग घेऊन पुढ्यात बसला. ब्रश पापणीला टेकला तसा त्याने श्वास धरला. मी बोलत होते, तर म्हणाला, "काकू, गणपती बोलत नाय." मी गप्प.

मग बांधावरून चालायचं. एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी, मध्ये हातभर बांध, आणि माझे डोळे मिटलेले. हा लांबून ओरडतोय, "सरळ काकू... डावीकडे... डावीकडे... अहो, जेवायचा हात तो उजवा!" आणि मी गेले की पाण्यात. लुगड्यासकट, गुडघ्याएवढ्या. पन्नाशीची बाई मी तेव्हा. डोळे उघडायची सोय नाही, उघडले तर रंग जाणार. तशीच चाचपडत वर आले आणि रागारागाने चालू लागले. ऊन असं होतं की माझी ओली पावलं मागच्या मागे वाळत गेली आणि बांधावर पांढरी उमटली. मिठाची पावलं! मला काय दिसणार, पण हसुरामचं डावी-उजवी ओरडणं बंद झालं. मी त्याच्यापर्यंत पोचले, तोंड वर केलं. म्हणाला, "अजून एकदा, काकू. लास्टचं." त्याची लास्टची कधी एक नसते. चार वेळा चालले. पण सिनेमात ठेवली ती पहिलीच.

तो सिनेमा दाखवला कारखान्यातच, दिवाळीनंतर काम सैल असतं तेव्हा. खिडक्यांवर गोणपाटं टाकून अंधार केला, भिंतीवर पांढरी चादर. हसुराम स्वतः दाराच्या फटीशी बसला, उजेडाला. समोर कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बायका, वीस-बावीस. सिनेमा सुरू झाला. लांबून मी येते, पाण्यात पडते तेव्हा थोडी खसखस, मग मागे पावलं उमटतायत, सगळ्या गप्प. मला वाटलं, आज हसुरामचं दैव उघडलं. मी जवळ आले, तोंड वर केलं, डोळे दिसले.

आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या ठकूबाईने हात जोडले.

"गवर आली गो!"

अहो, ते डोळे! हसुरामने भुताचे काढले, पण उतरले ते त्याच्या हातचेच. मोठे, शांत, खाली झुकलेले, आपल्या घरी सुखाने राहा म्हणणारे. मागून एकीने हाळी दिली, "गवर आली, कशाच्या पावलांनी आली?" आपल्याकडे सोन्याच्या पावलांनी म्हणतात, माणकामोत्यांच्या पावलांनी म्हणतात. ठकूबाई काय म्हणाली? "मिठाच्या पावलांनी आलीऽऽ!" जो हशा फुटला! एक तर उठून मला खरोखरीच हळदीकुंकू लावायला आली. हसुराम त्या हशातून फिरत एकेकीचा हात उलटा करून बघतोय. बावीस बायका, चव्वेचाळीस हात. काटा नाही.

चार दिवस तो आमच्या ओटीवर आला नाही, लाइट गेली तरी. पाचव्या दिवशी मीच गेले. म्हणाला, "माझा हातच वाईट, काकू. याला दुसरं काय काढताच येत नाय." त्याच्या मोठ्या सिनेमात भुताचे डोळे मुंबईच्या कोणी बाईने काढलेत. म्हणून तर लोक भ्याले.

तर केतकीला हे सगळे लघुपट मुंबईत जाणकार लोकांना दाखवायचे होते. हसुरामने मान हलवली. "आधी आक्का. आक्काने बघितल्याबिगर बाहेर नाय." केतकी म्हणाली, त्या तर बघत नाहीत. "मग नाय," म्हणाला आणि उठून आत गेला. ती पोरगी रडायच्या बेताला आली. वर्षभर खपली होती बिचारी.

मग मी फोन उचलला. "यमुने, तुझ्या भावाचे जुने सिनेमे घेऊन येतेय."

"मना येल नाय."

"त्यात भूत मी आहे."

"असंल."

"मी पाण्यात पडते त्यात. लुगड्यासकट."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग, "तू पडतंस? पुरी? मग ये. भाकरी खायला या."

हसुरामच्या जुन्या व्हॅनमधून आम्ही तिघं रोह्याला गेलो. नागोठण्याच्या पुढे तर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. एरवी गाडी चालवताना त्याच्या तोंडाला खळ नसतो, ह्या वडाखाली काय दिसतं, त्या पुलावर काय दिसतं. त्या दिवशी दोन्ही हात चाकावर आणि ओठ मिटलेले. आखणीला बसतो तसा.

आक्काचं घर कुंडलिकेच्या अंगाला, छान कौलारू. मेहुणे फर्स्ट शिफ्टला गेलेले. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, वालाचं बिरडं. जेवणं झाली आणि बरोबर बाराच्या पुढे केतकीने टीव्हीला काय ते लावलं. हसुरामने पडदे ओढले, मग एक पडदा थोडा उघडा ठेवला. आक्का जमिनीवर पाय पसरून बसली, अडकित्ता आणि सुपारी घेऊन, जणू काही दुसऱ्याच कामाला बसलीय.

जग आडवं झालं तेव्हा म्हणाली, "टीवी बिगडला काय?" कावळा आला तेव्हा हसली, "शाणा हाय." साच्याच्या तोंडाला म्हणाली, "ही कोण गो, मेली सारखी बघतेय." पण सुपारी कातरणं चालू. हसुराम भिंतीला टेकून टीव्हीकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

मग पडद्यावर ती खार आली. मी लांबून येते. पाण्यात पडले तेव्हा आक्का अशी हसली की अडकित्ता खाली पडला. मी पडद्यावर वर आले, चालू लागले, मागे पांढरी पावलं उमटली. आक्काचं हसू हळूहळू विरलं. तोंड वर झालं. ते डोळे.

अडकित्ता खालीच होता. तिने उचलला नाही.

हसुराम पुढे सरकला. "भ्यालीस काय? खरं बोल." आणि हात पुढे केला. "हात बघू."

आक्काने पदर ओढून दोन्ही हात आत घेतले. "भिऊ कशाला?" म्हणाली. पदराआडूनच कानाची पाळी चोळली. "आयेचं डोळं हायेत ते. आयेचं डोळं असंच होतं. तुना कोनी सांगितलं?"

हसुरामने हात मागे घेतला. मान दोन-तीनदा हलवली, होय होय अशी. केतकीच्या वहीचं पान कोरं होतं, तिने वही मिटून ठेवली. आक्का उठली, "चाय टाकते," म्हणाली आणि आत गेली. जाताना त्याच्या डोक्यावर हात टेकवून गेली, चौपन्न वर्षांच्या माणसाच्या.

मी मागोमाग आत. चहाचं आधण ठेवून ती खिडकीशी उभी होती. मी काही विचारलं नाही, तरी तीच म्हणाली, "मी सा वर्साची होती गो कुसुम. मना आयेचं तोंडच आठवत नाय. फोटो पन नाय. मना निस्ता तिच्या बांगड्यांचा आवाज आठवतंय, भांडी घासतानाचा." मग पदराने नाक पुसलं. "त्याला नको सांगू. इतका खपलाय, काय तरी नको मिळायला त्याला?"

मी वचन दिलं. आणि तुम्हाला माहीत आहे, वचन पाळायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. परतताना वडखळ आलं तरी मी गप्प. केतकी मागच्या सीटवर झोपली होती. शेवटी हसुरामच म्हणाला, "काकू, आक्का खोटं बोलली."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"खोटं बोलताना ती कान चोळते. लहान होतो तेव्हापासून ठाव हाय मला. दुपारची बाई येते, कडी काढू नको, हे सांगताना पण कान चोळायची."

"मग तू मान का हलवलीस?"

"तिने एवढं बनवून सांगितलं, नाय कसं म्हणू?" गाडी त्याने जरा हळू केली, समोर मिठाचे ट्रक लागले होते. "पन काकू, काटा होता. पदर ओढला ना, तेव्हा मी बघितला. कोपरापर्यंत होता. काटा खोटा येत नाय."

मी म्हटलं, "म्हणजे भ्याली एकदाची. झालं तुझं समाधान?"

तो हसला. "भ्याली कुठे? मी तरी कुठे भ्यायचो?" म्हणाला, "आक्का म्हणायची, एकटं पोर दिसलं का दाराशी येऊन उभी ऱ्हाते. मी विचार करायचो, परक्या पोराच्या दाराशी कोण कशाला येईल उन्हाची? आपलीच असंल. ती दोघं कामाला गेली का मी कडी काढून ठेवायचो."

रामवाडी आली. उतरताना म्हटलं, "उद्या दुपारी भाकरी माझ्याकडे खा." तर म्हणाला, "नाय काकू, दुपारी घरीच बरं."

केतकीने ते सिनेमे नेले, आता जाणकार लोक बघतायत म्हणे. बघू देत. पण तुम्ही मात्र रामवाडीत या, आणि लवकर या, आषाढ लागायच्या आत, तो डोळ्यांच्या कामाला बसायच्या आत. माझ्याकडे पापड आहेत, कावळ्याने ठेवलेत तेवढे. येताना पूर्ण बाह्यांचं काही घालू नका, तो आल्याबरोबर हात मागेल. सोन्याच्या पावलांनी नका येऊ, वडखळच्या चिखलाने भरलेल्या पावलांनी आलात तरी चालेल. आणि भर दुपारी आलात, मी झोपलेली असले, तर हाका मारत बसू नका. शेजारच्या घरात सरळ आत जा. कडी काढलेलीच असते.